‘सा. न. वि. वि.’ ते ‘ओके’

गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर आजकाल कसे मेसेज येतात, ते आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. ‘ओके’चाही नुसता ‘के’ होतो. ‘गुड मॉर्निंग’ची दोनच अक्षरं उरतात. मग जाणती माणसं म्हणतात, मोबाईलनं भाषा बिघडवली. शब्द तोडायची ही सवय खरंच मोबाईलनं लावली का, ते आज आपण जरा मागं जाऊन बघू.

१७०८ साली साताऱ्यात शाहू महाराजांचा राज्याभिषेक झाला आणि सातारा राजधानी झाली. राजधानी म्हटली की कागद आलेच. हुकूम, हिशेब, पत्रं, सगळं मोडी लिपीत. मोडी भरभर लिहायची लिपी. हात शक्यतो उचलायचा नाही, दोन शब्दांत जागा सोडायची नाही, ऱ्हस्व-दीर्घाचाही वेगळा हिशेब नाही. रोज ढीगभर कागद लिहिणाऱ्या कारकुनांनी शब्दही तोडले. ‘राजमान्य राजेश्री’चं झालं ‘रा. रा.’ आणि ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’चं झालं ‘सा. न. वि. वि.’. म्हणजे आजच्या पोरांच्या आधी दोन-तीनशे वर्षं आपल्याकडं शब्द तोडले जात होते. पण ती तोड लिहिणाऱ्याला जशी कळायची, तशी वाचणाऱ्यालाही कळायची. अडचण होती ती कागद वाचता न येणाऱ्याची, आणि त्यात आपल्या आज्या-पणज्या सगळ्याच आल्या.

बाईच्या नावाला चिकटलेली अक्षरंच बघा. नवरा असेल तर ‘सौ.’, नसेल तर ‘गं. भा.’, म्हणजे गंगाभागीरथी. नाव कळायच्या आधी तिचा नवरा आहे की नाही, हे कागद सांगणार. २०२२ साली शेजारच्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावानं ग्रामसभेत विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला. २०२३ मध्ये ‘गंगाभागीरथी’ हा शब्द सरकारी वापरात आणायचा प्रस्ताव पुढं आला, तेव्हा राज्यभरातून विरोध झाला. दोन अक्षरांवरून एवढी चर्चा झाली, कारण त्या अक्षरांमागं जगणं होतं.

सातबाऱ्यावरही अशी अक्षरं आहेत. ‘अ. पा. क.’ म्हणजे अज्ञान पालन कर्ता. बाप वारला, मुलं लहान, म्हणून त्यांच्यासाठी आईचं नाव पालनकर्ती म्हणून लागतं. मुलं मोठी झाली तरी तो शेरा कित्येक उताऱ्यांवर तसाच राहतो. तो कमी करायला अर्ज द्यावा लागतो. ‘ए. कु. क.’ म्हणजे एकत्र कुटुंब कर्ता. ही नोंद बहुतेक थोरल्या भावाच्या नावापुढं असायची आणि बाकीच्या वारसांची, त्यातही बहिणींची नावं उताऱ्यावर दिसायचीच नाहीत. तीन अक्षरं वाचता आली नाहीत म्हणून आपला हिस्सा कुठं गेला हे कळलं नाही, अशा बायका गावोगाव आहेत. आणि सहीच्या जागी काय? ‘नि. अं.’, निशाणी अंगठा. बाईचं अख्खं बोलणं त्या दोन अक्षरांत संपायचं.

आता मोबाईलकडं येऊ. जगातला पहिला मोबाईल संदेश ३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडमध्ये गेला. त्याच १९९२ साली नाबार्डनं बचत गटांना बँकेशी जोडायची योजना सुरू केली. पुढं हा मोबाईल आणि आपला गट एकत्र येणार होते, हे तेव्हा कुणाला माहीत होतं!

त्या संदेशाला मर्यादा होती. इंग्रजी अक्षरांत १६० जागा, आपल्या देवनागरीत मात्र फक्त ७०. त्यातही काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षराचा पाय मोडणारी खूण, सगळं वेगळं मोजलं जातं. ‘नमस्कार’ आपण चार अक्षरं म्हणतो, फोन सात मोजतो. ७० च्या पुढं गेलं की दुसऱ्या संदेशाचे पैसे. शिवाय कितीतरी फोनमध्ये देवनागरी नव्हतीच. म्हणून पोरांनी मराठी इंग्रजी अक्षरांत लिहायला घेतली आणि तीही तोडून. पैसे वाचवायला केलेली ती काटकसर होती. त्यात आळस नव्हता.

पण त्या अक्षरांत ‘ताक’ आणि ‘टाक’ एकच, ‘माल’ आणि ‘माळ’ एकच, ‘काल’, ‘काळ’ आणि ‘कळ’ही एकच. आज ती अडचण उरलेली नाही. फोनमध्ये देवनागरी आहे, मेसेजला अक्षरागणिक पैसे पडत नाहीत, आणि २०१७ पासून मराठीत नुसतं बोललं तरी फोन लिहून देतो. तरी सवय राहिली.

शुद्धलेखनाची भीती मात्र बाळगू नका. नियमही बदलत आले आहेत. पूर्वी ‘केलें’, ‘झालें’ असा डोक्यावर टिंब द्यावा लागे. १९६२ साली नवे नियम मंजूर झाले आणि उच्चारात नसलेले टिंब गेले. त्यामुळं वेलांटी चुकली म्हणून गटात कुणी कुणाला हसू नये. हसलं की ती बाई पुन्हा लिहीतच नाही, आणि अंगठ्यापासून इथवर आलेली वाट तिथंच अडते.

मग जपायचं काय? जिथं पैसा, जमीन, नाव आणि तारीख आहे, तिथं पुरतं लिहायचं. ‘हप्ता भरला’ असा मेसेज आला तर ते विचारणं आहे की सांगणं? एका प्रश्नचिन्हानं उत्तर मिळतं. ‘बैठक आज नाही उद्या’ यात ‘नाही’नंतर स्वल्पविराम दिला, तर कुणाचा हेलपाटा होत नाही. चेकवर आपण आकड्यांसोबत अक्षरी रक्कम लिहितो, तेच शहाणपण मेसेजमध्येही आणू. ‘५०० दिले’ एवढंच नको. कुणी, कुणाला, कशाचे, कोणत्या तारखेला, तेही लिहू.

आणि आलेली तोडलेली अक्षरंही वाचायला शिकू. बँकेच्या मेसेजमध्ये ‘सीआर’ म्हणजे जमा, ‘डीआर’ म्हणजे खात्यातून गेले. ‘ओटीपी’ म्हणजे एकदाच चालणारी गुप्त किल्ली, ती कुणालाच सांगायची नाही.

येत्या बैठकीत एक काम करू. प्रत्येकीनं आपला सातबारा किंवा बँकेचा एक मेसेज आणायचा, आणि त्यातलं न कळणारं प्रत्येक अक्षर मोठ्यानं विचारायचं. कारकुनांना ही अक्षरं कळायची म्हणून त्यांचा वट होता. आता ती आपल्यालाही कळू देत.

कळावे, लोभ असावा. आणि हो, बैठकीला येणार असाल तर ‘के’ नको, ‘येते’ असं लिहा.