पावसाळ्यात सीसीटीव्ही कॅमेरा बंद पडतो, तेव्हा बिघाड नेमका कुठे असतो?

मुंबईत नोकरी करणाऱ्या चाकरमान्याचं सावंतवाडी तालुक्यातलं घर गणपती, शिमगा आणि मे महिना सोडला तर बहुतेक बंदच असतं. अशा घरांच्या पडवीत आणि बाजारपेठेतल्या दुकानांत आता सीसीटीव्ही कॅमेरे दिसू लागले आहेत. पाऊस सुरू झाला की त्यातला एखादा कॅमेरा मोबाइलवर 'ऑफलाइन' दाखवू लागतो. मग शेजाऱ्याला फोन जातो, शेजारी टेक्निशियनला बोलावतो आणि अनेकदा निदान एका वाक्यात होतं: कॅमेरा जळला, नवीन घ्या. नवीन कॅमेरा लागतो आणि काही दिवसांत तोही बंद पडतो. कारण बिघाड कॅमेऱ्यात नव्हताच, केबलच्या टोकाला होता. दरम्यान घरावर कुणाची नजर नव्हती, हे वेगळंच.

असं का होतं हे समजण्यासाठी या कॅमेऱ्याला वीज कशी मिळते ते आधी पाहू.

एकाच केबलमधून वीज आणि चित्र

हल्लीच्या बऱ्याच नेटवर्क कॅमेऱ्यांना वेगळा अ‍ॅडाप्टर लागत नाही. इंटरनेटसाठी वापरतात तीच आठ तारांची लॅन केबल कॅमेऱ्याला वीजही पुरवते आणि चित्रही परत आणते. याला पॉवर ओव्हर इथरनेट, म्हणजेच पीओई म्हणतात. केबलचं दुसरं टोक पीओई स्विचमध्ये किंवा रेकॉर्डिंग करणाऱ्या एनव्हीआरच्या मागच्या पोर्टमध्ये असतं.

स्विच थेट वीज सोडत नाही. आधी तो अगदी कमी व्होल्टेज देऊन पलीकडे साधारण २५ किलोओहमचा ठरावीक रोध आहे का, हे तपासतो. तो सापडला तरच ४८ व्होल्टच्या आसपास वीज सोडली जाते. केबलच्या टोकाला पाणी शिरलं किंवा गंज चढला की हे मोजमापच बिघडतं. मग धडधाकट कॅमेरा जोडलेला असूनही स्विच वीज देत नाही आणि पाहणाऱ्याला कॅमेरा मेल्यासारखा वाटतो.

२००३ साली आलेल्या मूळ मानकानुसार पोर्टमधून जास्तीत जास्त १५.४ वॅट निघतात आणि १०० मीटर केबलचा तोटा धरून कॅमेऱ्यापाशी १२.९५ वॅट मिळतील असं गृहीत धरलेलं असतं. २००९ च्या सुधारित मानकात हे आकडे ३० आणि २५.५ वॅट झाले. साध्या कॅमेऱ्याला पहिलं मानक पुरतं. फिरणाऱ्या मोठ्या कॅमेऱ्याला मात्र दुसरंच लागतं.

आधी घरातला टीव्ही लावून पाहा

मोबाइलवर सगळेच कॅमेरे गायब असतील तर कॅमेऱ्यांकडे जाण्याची गरजच नाही. घराची चावी असलेल्या माणसाला एनव्हीआरला जोडलेला टीव्ही किंवा मॉनिटर लावायला सांगा. तिथे चित्र दिसत असेल तर कॅमेरे ठीक आहेत, गडबड राउटर किंवा इंटरनेट जोडणीत आहे. रेकॉर्डिंगही बहुधा चालूच असतं. तिथेही सगळं काळं असेल तर स्विच किंवा त्याचा अ‍ॅडाप्टर तपासावा.

एकच कॅमेरा बंद असेल तर स्विचवर त्याच्या पोर्टचा दिवा पाहा. नंतर ती केबल शेजारच्या चालू पोर्टमध्ये लावा. कॅमेरा सुरू झाला तर पोर्ट गेलेला आहे.

तरीही काही हललं नाही, तर एक चाचणी बाकीच्या सगळ्यांपेक्षा मोलाची. कॅमेरा खाली उतरवायचा आणि एक-दोन मीटरच्या चांगल्या पॅचकॉर्डने थेट स्विचच्या चालू पोर्टला जोडायचा. एखाद-दोन मिनिटांत चित्र आलं तर कॅमेरा निर्दोष आहे, दोष भिंतीतून गेलेल्या केबलमध्ये आहे. नाही आलं तर कॅमेरा खरंच गेला. या चाचणीला वेळ फार लागत नाही, पण शिडी लागते. म्हणूनच ती टाळली जाते आणि ग्राहकाला नव्या कॅमेऱ्याचं बिल मिळतं.

पाणी शिरतं कुठून?

आंबोली याच तालुक्यात आहे आणि तिथे वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. सावंतवाडी शहरात तेवढा नसला, तरी चार महिने भिंती ओल्या राहण्याइतका पडतोच. वेंगुर्ला-मालवणकडे त्यात खाऱ्या वाऱ्याची भर पडते.

कॅमेऱ्याच्या शेपटीसारख्या वायरला जिथे लॅन केबलचा प्लग जुळतो, तो जोड सगळ्यात कच्चा दुवा. कॅमेऱ्यासोबत या जोडावर चढवायची जलरोधक टोपी मिळते, पण ती केबलमध्ये आधी ओवून मग प्लग क्रिंप करावा लागतो. विसरलं की पुन्हा प्लग कापा. त्यामुळे ती टोपी खोक्यातच राहते आणि जोडावर काळी चिकटपट्टी गुंडाळली जाते. ही पट्टी पाणी अडवण्यापेक्षा आत शिरलेलं पाणी धरून ठेवण्याचंच काम जास्त करते. त्यात जोडावर सतत डीसी वीज असते. ओल आणि डीसी एकत्र आले की तांब्याचा गंज नुसत्या ओलीपेक्षा कितीतरी वेगाने वाढतो. प्लग काढल्यावर पिनांवर हिरवट थर दिसला की निदान झालंच.

उपाय स्वस्त आहे. तांबं स्वच्छ, चकचकीत दिसेपर्यंत केबल मागे कापायची, टोपी ओवायची, नवा प्लग लावायचा आणि जोड बंद जंक्शन बॉक्समध्ये ठेवायचा. केबल बॉक्समध्ये खालच्या बाजूने न्यावी आणि आधी तिला एक झोळ द्यावा, म्हणजे ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी गळून पडतं.

केबलचा टेस्टर आठही दिवे हिरवे दाखवतो, एवढ्यावर विसंबू नये. स्वस्त टेस्टर फक्त तार जुळली आहे का ते सांगतो. गंजलेला जोड त्यात पास होतो आणि प्रत्यक्ष वीज वाहू लागली की नापास होतो.

रात्रीच बंद पडणारा कॅमेरा

दिवसभर नीट चालणारा कॅमेरा अंधार पडला की दर काही मिनिटांनी बंद-चालू होत असेल, तर संशय विजेवर घ्यावा. रात्री कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात आणि विजेची गरज वाढते. केबल लांब असेल, जोड गंजलेला असेल किंवा केबल तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमची असेल तर तेवढी वीज पोहोचत नाही. अ‍ॅल्युमिनियमची विद्युतवाहकता तांब्याच्या साधारण ६१ टक्केच असते. बाजारात ही केबल 'सीसीए' नावाने स्वस्तात मिळते. पीओईसाठी ती घेऊ नये.

उलट, अंधारात कॅमेऱ्याच्या काचेत लालसर ठिपके दिसतात पण चित्र येत नाही, याचा अर्थ वीज पोहोचते आहे. अशा वेळी प्लगमधल्या नारिंगी आणि हिरव्या जोड्या तपासाव्यात, कारण नेहमीच्या शंभर मेगाबिटच्या जोडणीत चित्र त्यांवरूनच जातं. त्याही ठीक असतील तर आयपी पत्ता पाहावा. हिकव्हिजनच्या नव्या कॅमेऱ्याचा मूळ पत्ता १९२.१६८.१.६४ आणि दाहुआचा १९२.१६८.१.१०८ असतो. एकाच कंपनीचे दोन कॅमेरे पत्ता न बदलता साध्या स्विचवर जोडले तर ते एकमेकांशी भांडतात.

विजा आणि जांभा

मे अखेरीस आणि ऑक्टोबरमध्ये गडगडाट होतो तेव्हा माडाला बांधून फाटकापर्यंत नेलेली केबल सगळ्यात धोक्यात असते. सर्ज प्रोटेक्टर लावला तरी त्याला चांगलं अर्थिंग हवं आणि जांभ्या कातळावर ते मिळवणं सोपं नसतं. घरापासून लांबच्या कॅमेऱ्यासाठी मधलं अंतर फायबर केबलने जोडणं हा जास्त भरवशाचा मार्ग, फक्त तिथे वीज वेगळी द्यावी लागते. वीज कडाडल्यानंतर कॅमेरा बंद पडला तर त्याचा पोर्टही गेलेला असू शकतो, म्हणून चाचणी दुसऱ्या पोर्टवरच करावी.

दुरुस्तीच्या गडबडीत एनव्हीआरची हार्डडिस्क फॉरमॅट करू देऊ नये. चोरीचा संशय असेल तर हवं ते चित्रण आधी पेनड्राइव्हवर काढून घ्यावं. डिस्क भरली की जुन्यावर नवं रेकॉर्डिंग चढत जातं.

कॅमेरा खरोखरच गेला असेल तर नवा घेताना त्याचं सुरक्षा प्रमाणपत्र विचारावं. सीसीटीव्ही कॅमेऱ्यांची सरकारमान्य प्रयोगशाळेत चाचणी एप्रिल २०२५ पासून बंधनकारक झाली आहे. वॉरंटीत पाणी आणि वीज पडणं धरलं आहे का, तेही वाचून घ्यावं, बऱ्याचदा ते वगळलेलं असतं. आणि नवा कॅमेरा वर चढवण्याआधी जुन्या केबलचं टोक कापून नवा प्लग लावून घ्यावा.