हजेरीपासून दाखल्यापर्यंत : भटक्या-विमुक्तांच्या कागदाचा इतिहास

कागदपत्रांविना वाढलेला माणूस म्हटले की सामान्यतः परदेशी स्थलांतरिताचे चित्र डोळ्यांपुढे येते. फिलिपाइन्समधून १९९३ साली बालवयात अमेरिकेत आलेले होसे अँतोनियो व्हार्गास पुढे नामांकित पत्रकार झाले. आपल्याजवळ वैध कागद नाहीत हे त्यांनी २०११ साली लेख लिहून स्वतःच जाहीर केले आणि तेथून ते स्थलांतरितांच्या हक्कांचे कार्यकर्ते बनले. आत्मकथनातून चळवळीकडे जाणारी ही वाट महाराष्ट्रात त्याच्या तीन दशके आधीच पडली होती. मात्र येथील माणसाने कोणत्याही देशाची सीमा ओलांडलेली नव्हती. तो आपल्याच मुलखात 'उपरा' ठरला होता.

लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०) आणि लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' (१९८७) या दोन्ही ग्रंथांना साहित्य अकादमीचे पुरस्कार लाभले. साहित्यकृती म्हणून त्यांची चर्चा विपुल झाली आहे. प्रस्तुत निबंधात ते इतिहासाची साधने म्हणून विचारात घ्यावयाचे आहेत.

गायकवाड आपल्या कथनाच्या आरंभीच सांगतात की त्यांना गाव नाही, जन्मतारीख नाही, घर नाही, शेत नाही. हे वाचून वाचकाचा असा समज होतो की या समाजाची शासनदरबारी कधी नोंदच झाली नसावी. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्या समाजांना गुन्हेगार म्हणून घोषित केले, त्यांतील माणसांची नावनिशीवार नोंदवही ठेवण्याची तरतूद केली. वास्तव्याचे ठिकाण ठरवून देण्यात आले, ते सोडण्यासाठी पास आवश्यक झाला आणि शासनाच्या घोषणेविरुद्ध न्यायालयात दाद मागण्याची सोय ठेवली नाही. १९११ च्या कायद्याने ही व्यवस्था सर्व ब्रिटिश हिंदुस्थानात लागू करता येऊ लागली व बोटांचे ठसे घेण्याचा अधिकारही मिळाला. सोलापूरच्या 'सेटलमेंट'मध्ये तारेच्या कुंपणाआड कुटुंबे ठेवून माणसांना गिरण्यांत कामास पाठविले जाई. गायकवाडांचे धनेगाव हे लातूरकडील, म्हणजे निजामाच्या राज्यातील. परंतु तेथेही अशाच स्वरूपाचा कायदा होता आणि 'उचल्या'त येणारी हजेरी ही त्याच जातकुळीची आहे. सामान्य शेतकऱ्याचा ठावठिकाणा शासनाला जितका ठाऊक नव्हता तितका या माणसांचा होता.

मुंबई प्रांतात हा कायदा १९४९ साली आणि देशभर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. 'विमुक्त' हे नाव त्यातूनच आले. (सराईत गुन्हेगारांविषयीचा १९५९ चा मुंबई कायदा पुढे आला, हे येथे विसरता येत नाही.) नोंदवह्या मात्र पोलिसांच्या दप्तरात राहिल्या, त्या माणसांच्या हाती कधीच आल्या नाहीत. थाडे समितीच्या अभ्यासानंतर महाराष्ट्र शासनाने विमुक्त जाती व भटक्या जमातींची यादी केली आणि २१ नोव्हेंबर १९६१ हा त्यांच्यासाठी मानीव दिनांक ठरला. या दिवशी आपले कुटुंब महाराष्ट्रात राहत होते याचा पुरावा दाखल्यासाठी द्यावा लागतो. तो देण्याची संपूर्ण जबाबदारी अर्जदाराचीच, हे २००१ पासून अमलात आलेल्या जात पडताळणी कायद्याने स्पष्ट केले. ज्याचे बिऱ्हाड गाढवाच्या पाठीवर होते, त्याच्याकडून सातबारा किंवा घरपट्टीची पावती मागितली जाते.

विदर्भातील कैकाडी समाजाचे उदाहरण या दृष्टीने विशेष बोलके आहे. माने हे फलटणकडील कैकाडी. तेथे हा समाज विमुक्त जातींत मोडतो. नागपूर, वर्धा, भंडारा, चंद्रपूर आणि वऱ्हाडातील जिल्ह्यांत तोच समाज अनुसूचित जातींत आहे, कारण जुन्या मध्य प्रांत व वऱ्हाडच्या यादीची छाया आजच्या यादीवर आहे. त्यातही चंद्रपूर जिल्ह्यातून राजुरा तालुका वगळलेला आहे. राजुरा पूर्वी निजामाच्या राज्यात होता, एवढेच त्याचे कारण. म्हणजे टोपल्या विणीत गावोगाव फिरणाऱ्या दोन सख्ख्या भावांपैकी एकाचे पाल १० ऑगस्ट १९५० रोजी वर्ध्याजवळ आणि दुसऱ्याचे सोलापूरजवळ असेल, तर त्यांच्या नातवंडांचे प्रवर्ग भिन्न ठरतात. पाल त्या दिवशी कोठे होते हे सिद्ध कसे करावे, याचे उत्तर यादीत नाही.

शाळा हाच बहुधा पहिला कागद. 'उचल्या'त लेखक शाळेत जाऊ लागल्यावर वस्तीतील मुलांना जुलाब-उलट्या झाल्या आणि त्याचा दोष त्याच्या शाळेत जाण्यावर आला. दाखल-खारीज रजिस्टरातील जन्मतारीख गुरुजींच्या अंदाजाने पडे. आमच्या महाविद्यालयाच्या प्रवेश समितीवर काम करताना १ जून ही जन्मतारीख इतक्या अर्जांवर आढळते की ती पहिल्या पिढीच्या शिक्षणाची खूणच मानावी.

या अनुभवातूनच कार्यकर्ता घडला. गायकवाड लातूरच्या सूतगिरणीत कामगार होते. तेथील संघर्षातून ते आपल्या समाजाच्या संघटनेकडे वळले. पश्चिम बंगालमध्ये बुधन शबर यांचा फेब्रुवारी १९९८ मध्ये कोठडीत मृत्यू झाला. त्याच वर्षी महाश्वेता देवी, गणेश देवी व गायकवाड यांनी विमुक्त-भटक्यांच्या हक्कांसाठी कृतिगट स्थापन केला. ज्याची जन्मतारीख कोणी लिहून ठेवली नव्हती, त्याने स्वतःचे जीवन लिहिले आणि तेच चळवळीचे पहिले दस्तऐवज झाले. पुढे गोंधळी समाजातून आलेले बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय आयोगाने २००८ साली अहवाल दिला. त्यानंतर इदाते आयोग झाला. देशव्यापी स्वतंत्र सूची मात्र झाली नाही. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात मॉरिस कॉलेज टी पॉइंटवर अडविलेल्या मोर्चांत भटक्या-विमुक्तांचे फलक दिसतात आणि त्यांवर दाखल्याची मागणी असते.

येथे इतिहासाच्या अध्यापकाचे एक काम निघते. विदर्भात जुना पुरावा म्हणून कोतवाल बुकाची नक्कल शोधली जाते. पण कोतवालाने गावाबाहेरच्या पालातील जन्म टिपलाच असेल असे नाही. पोलिसांनी मात्र त्या पालातील प्रत्येक डोके मोजले होते. गुन्हेगार जमातींच्या नोंदवह्या, पास आणि सेटलमेंटची दप्तरे यांचा शोध पुराभिलेखागारांत व जुन्या पोलीस ठाण्यांत पद्धतशीरपणे घेतला, तर संशयापोटी लिहिलेले नाव वास्तव्याचा पुरावा म्हणून उभे राहू शकेल. हा मार्ग सरळ नाही. आजोबांचे नाव गुन्हेगारांच्या वहीतून काढून समितीपुढे ठेवावयाचे, याला अनेक कुटुंबे धजावणार नाहीत. गेल्या वर्षी एका विद्यार्थ्यास मी ही शक्यता सांगितली. त्याने ती घरी विचारली. वडील म्हणाले, ती वही मिटावी म्हणून तर आजा आयुष्यभर गाव बदलत राहिला. विद्यार्थ्याचा अर्ज अद्याप अपूर्ण आहे.