पंडिता रमाबाई आणि शास्त्राचा अधिकार

कलकत्त्याच्या पंडितांनी 1878 साली जिला ‘सरस्वती’ ही पदवी अर्पण केली, त्याच विदुषीने पुढे संस्कृतप्रचुर मराठी बुद्ध्या टाकून दिली. असे का व्हावे?

पत्नीस संस्कृत शिकविल्याबद्दल ज्यांना विद्वत्सभेपुढे जाब द्यावा लागला, त्या अनंतशास्त्री डोंगऱ्यांची ही कन्या. 1883 साली इंग्लंडात वाँटेज येथे तिने बाप्तिस्मा घेतला. तेथील धर्मभगिनींची अपेक्षा अशी की, चर्चचे मत निमूटपणे मानावे. रमाबाईंनी ते मानले नाही. शास्त्र प्रमाण खरे, पण त्याचा अर्थ परक्याच्या तोंडून का घ्यावा?

मग केडगावच्या मुक्तिसदनात दळणकांडण करणाऱ्या बाईसही ते स्वतः वाचता यावयास हवे! त्यासाठी हिब्रू व ग्रीक शिकून रमाबाईंनी बायबल घरगुती मराठीत आणले. आमच्या हिंगोली जिल्ह्यातील नर्सी हे नामदेवांचे गाव. लोकभाषेतील धर्मवाणी आमच्या कानांस परकी नाही. तरीही हे भाषांतर मला, प्रांजळपणे सांगतो, खडबडीत वाटले. पण ते मजसारख्या मास्तरासाठी नव्हतेच.

छपाईचे काम सदनातील स्त्रियांनीच केले. रमाबाई 5 एप्रिल 1922 रोजी निवर्तल्या. संपूर्ण ग्रंथ 1924 साली प्रसिद्ध झाला.