सागरमाळावरचे विद्यार्थिजीवन

कोल्हापूर शहराच्या कडेला सागरमाळावर शिवाजी विद्यापीठ वसले आहे. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी तत्कालीन राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते त्याचे उद्‌घाटन झाले. इतिहास संशोधक डॉ. आप्पासाहेब पवार हे पहिले कुलगुरू होत. प्रारंभी ३४ महाविद्यालये आणि सुमारे १४ हजार विद्यार्थी एवढाच व्याप होता. २००४ मध्ये सोलापूरचे स्वतंत्र विद्यापीठ झाल्यानंतर कोल्हापूर, सांगली आणि सातारा हे तीन जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात राहिले.

मुंबई-पुण्याच्या तुलनेत मध्यम आकाराच्या या विद्यापीठाचे वेगळेपण तेथे येणाऱ्या विद्यार्थ्यांत आहे. ऊसपट्ट्यातील अल्पभूधारक, जत-आटपाडी, माण-खटावसारख्या दुष्काळी तालुक्यांतील शेतकरी आणि शेतमजूर यांची मुले येथे शिकतात. बेळगाव-निपाणी भागातील मराठी भाषक विद्यार्थीही येतात. अनेकांच्या घरात पदव्युत्तर वर्गाची पायरी चढणारी ही पहिलीच पिढी असते.

वसतिगृहांचा वारसा

शिक्षणासाठी गाव सोडलेल्या मुलाला आधी निवारा आणि दोन वेळचे जेवण हवे, हे राजर्षी शाहू महाराजांनी ओळखले होते. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले. पुढे जैन, लिंगायत, मुस्लिम अशा विविध समाजांसाठी वसतिगृहे निघाली. १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह उभे राहिले. कोल्हापुरात शिकलेल्या कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि साताऱ्याच्या शाहू बोर्डिंगमध्ये निरनिराळ्या जातींची मुले एका पंगतीला बसवली. श्रम करून शिकण्याचा त्यांचा विचार विद्यापीठाच्या ‘कमवा व शिका’ योजनेत आजही दिसतो. योजनेतील विद्यार्थी दिवसातील काही तास विद्यापीठाची विविध कामे करतात आणि त्या मोबदल्यावर शिक्षणाचा खर्च भागवतात.

खोली, मेस आणि एसटीचा डबा

वसतिगृहाची यादी लागली, की विद्यार्थ्याच्या वर्षाचा हिशेब ठरतो. नाव आले नाही, तर राजारामपुरी, राजेंद्रनगर, सायबर चौक या भागांत तिघा-चौघांत मिळून खोली शोधावी लागते. त्यात अनामत रक्कम, मासिक भाडे आणि मेसचे पैसे यांची भर पडते. जवळच्या गावांतून एसटीने येणारा घरचा डबा हा या खर्चातला मोठा आधार असतो. भाकरी, सुकी भाजी आणि चटणी यांचा तो डबा क्वचितच एकट्याने खाल्ला जातो. वेगवेगळ्या तालुक्यांच्या आणि जातींच्या मुलांची पहिली ओळख अनेकदा त्याच्याभोवती होते.

शासनाच्या काही योजनाही आहेत. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, तर अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. २०२४ मध्ये राज्य शासनाने व्यावसायिक अभ्यासक्रमांतील ठरावीक प्रवर्गांच्या मुलींना शुल्कमाफी जाहीर केली. तथापि शुल्क माफ झाले तरी खोलीभाडे आणि मेस चुकत नाही, आणि भत्ता उशिरा आला म्हणून घरमालक थांबत नाही. घरची ओढाताण वाढली, की आधी मुलीलाच परत बोलावले जाण्याचा धोका असतो.

व्यासपीठ आणि सभा

शहरी वातावरणातला बुजरेपणा मोडण्याचे काम वर्गापेक्षा युवा महोत्सव अधिक करतात. एकांकिका, मूकनाट्य, लोकनृत्य, वक्तृत्व या स्पर्धांत आधी जिल्हा पातळी आणि मग मध्यवर्ती महोत्सव अशी चढण असते. इंग्रजीत बोलताना अडखळणारा मुलगा येथे आपल्या बोलीत सभागृह जिंकतो आणि त्यानंतर वर्गातही हात वर करू लागतो.

प्रतिनिधित्वाची कथा मात्र वेगळी आहे. महाविद्यालयीन निवडणुकांतील हिंसाचारानंतर १९९४ च्या विद्यापीठ कायद्यान्वये थेट निवडणुकांची जागा गुणवत्तेवर आधारित निवडीने घेतली. २०१६ च्या कायद्यात थेट निवडणुकीची तरतूद पुन्हा आली. परंतु २०१९ मध्ये ठरलेल्या निवडणुका पुढे ढकलल्या गेल्या. परिणामी वसतिगृहाचे पाणी, मेसचा दर्जा किंवा परीक्षेचे वेळापत्रक अशा प्रश्नांवर निवडून आलेला प्रतिनिधी पाठीशी नसताना विद्यार्थ्यांच्या कितीतरी पिढ्या बाहेर पडल्या.

पदवीनंतरचा मुक्काम

पदवी हाती आली तरी अनेकांचा मुक्काम हलत नाही. राज्यसेवा किंवा पोलीस उपनिरीक्षक पदाच्या परीक्षेची तयारी करीत ते अभ्यासिकेत वर्षे घालवतात. गावाकडे विचारणा सुरू होते. उत्तर ठरलेले नसते. शाहू महाराजांच्या काळी प्रश्न होता तो विद्यार्थ्याने शहरात टिकायचे कसे, हा. तो अद्याप पुरता सुटलेला नाही. शिकून झाल्यावर जायचे कुठे, या दुसऱ्या प्रश्नाची त्यात भर पडली आहे.