गृहसंगणकाचे संवर्धन : स्वरूप, निदान आणि मर्यादा

संगणकाची बहुतेक अंगे कायम ठेवून एखादा घटक बदलणे अथवा वाढवणे, आणि त्यायोगे इष्ट कार्याचा वेग वाढणे, यास येथे संवर्धन म्हटले आहे. व्यवहारात याला अपग्रेड म्हणतात. व्याख्येत घटकबदल हे साधन आहे आणि वेगवृद्धी हे फल. फलावाचून साधन घडले तर तो केवळ व्यय होय. दुरुस्ती याहून भिन्न आहे. तिचा हेतू पूर्वस्थिती परत आणणे एवढाच असतो.

कोणतेही कार्य प्रोसेसर, रॅम, डिस्क अशा अनेक घटकांत विभागलेले असते. ज्या घटकामुळे सर्वाधिक काळ जातो त्यास मर्यादक घटक म्हणू. १९६७ साली जीन ॲमडाल यांनी समांतर संगणनासंबंधी मांडलेला विचार येथेही लागू पडतो : एका अंशाच्या सुधारणेचा लाभ त्या अंशाच्या मूळ वाट्यापुरताच मिळतो. एका कार्यास ६० सेकंद लागतात आणि त्यांपैकी ४८ डिस्कमुळे, १२ प्रोसेसरमुळे जातात असे मानू. प्रोसेसर दुप्पट वेगवान केल्यास ५४ सेकंद लागतील. डिस्क आठपट वेगवान केल्यास ४८ चे ६ होतील आणि एकूण काळ १८ सेकंदांवर येईल. परंतु या १८ सेकंदांत आता प्रोसेसरचा वाटा मोठा आहे. म्हणजे मर्यादकत्व हा घटकाचा स्थिर गुण नव्हे. संवर्धनानंतर ते स्थान बदलू शकते. म्हणून निदान प्रत्येक वेळी नव्याने करावे लागते.

निदानात एक भ्रम वारंवार होतो. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के व्यस्त दिसली की डिस्कच मंद आहे असा निष्कर्ष काढला जातो. या व्यस्ततेची कारणे मुख्यतः दोन : (१) डिस्क स्वतःच मंद असणे, (२) रॅम अपुरी पडल्याने तिच्यातील मजकूर सतत डिस्कवर उतरवला व परत उचलला जाणे. दुसऱ्या प्रकारात लक्षण डिस्कचे, पण दोष रॅमचा असतो. नेहमीचे काम चालू असताना रॅमचा आकडा प्रथम पाहावा. तो काठोकाठ नसेल तरच डिस्कला दोष द्यावा.

डिस्क खरोखरच मर्यादक असेल तर ती बहुधा फिरत्या तबकडीची असते. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या तबकडीचा एक फेरा ८.३३ मिलिसेकंदांत होतो. इष्ट स्थान शीर्षाखाली येण्यास सरासरी अर्धा फेरा, म्हणजे सुमारे ४.२ मिलिसेकंद लागतात. शीर्ष योग्य मार्गावर सरकण्याचे आठ-नऊ मिलिसेकंद त्यात मिळवले की एका विखुरलेल्या वाचनास सुमारे १३ मिलिसेकंद होतात, म्हणजे सेकंदाला पाऊणशेच्या आसपास वाचने. संगणक सुरू होताना अशी वाचने हजारोंनी होतात. एसएसडीत हलणारा भाग नसल्याने ही प्रतीक्षाच संपते. म्हणून हार्ड डिस्ककडून एसएसडीकडे जाणे हा प्रकारभेद आहे. साटा जोडणीच्या एसएसडीकडून एनव्हीएमई जोडणीच्या एसएसडीकडे जाणे हा मात्र परिमाणभेद. पत्रे, हिशेब, ब्राउझर एवढ्या कामात तो सहसा जाणवत नाही.

निदानानंतर खरेदी. तिची अट अनुरूपता, आणि ती त्रिविध आहे : भौतिक, विद्युत, तार्किक. डीडीआर४ आणि डीडीआर५ या डेस्कटॉप रॅमच्या दोन्ही पट्ट्यांना २८८ संपर्कबिंदू असतात, पण खाच वेगळ्या जागी असते आणि विद्युतदाब अनुक्रमे १.२ व १.१ व्होल्ट असतो. येथे खाचच चूक होऊ देत नाही. एसएसडीसाठीच्या एम.२ स्लॉटमध्ये ही सोय पुरती नाही : केवळ एनव्हीएमई ओळखणाऱ्या स्लॉटमध्ये साटा जातीची पट्टी नीट बसू शकते, पण संगणकास ती दिसत नाही. बसले म्हणजे जुळले, हे अनुमान येथे असिद्ध ठरते. यासाठी दुकानात जाण्यापूर्वी मदरबोर्डचे पूर्ण नाव टिपून घ्यावे. अनेक लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डवरच डाख देऊन पक्की केलेली असते. तेथे प्रश्नच मिटतो.

बसवण्याची कृती सोपी आहे. विदेची प्रत काढावी, वीज तोडावी, धातूच्या सांगाड्यास स्पर्श करून अंगातील स्थिर विद्युत उतरवावी आणि रॅमची पट्टी टोकाची कळ लागेपर्यंत दाबावी. जुनी डिस्क महिनाभर तरी पुसू नये.

घरातील जाळ्यासही मर्यादक घटकाचा विचार लागू होतो, किंबहुना अधिक कठोरपणे. कारण येथे काळांची बेरीज होत नाही, सर्वांत अरुंद दुवाच एकूण वेग ठरवतो. प्रथम एककांचा भेद : १०० मेगाबिट म्हणजे १२.५ मेगाबाइट. नंतर केबल. शंभर मेगाबिटच्या जोडणीस तारांच्या दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. टोकाशी क्रिंप करताना उरलेल्या दोन जोड्यांपैकी एखादी तार सुटली तर जोडणी तुटत नाही. ती बहुधा निमूटपणे शंभरावर उतरते आणि दोष राउटरला दिला जातो. वायफायमध्ये ५ गिगाहर्ट्झच्या लहरीवर जोडणी वेगवान होते खरी, पण ती लहर भिंतींत २.४ च्या लहरीपेक्षा अधिक क्षीण होते. म्हणून नवा राउटर घेण्यापूर्वी जुना घराच्या मध्यावर आणून पाहावा. यास खर्च नाही. इंटरनेटची योजनाच ५० मेगाबिटची असेल, तर कोणताही राउटर बाहेरून त्याहून अधिक आणू शकत नाही.

शेवटी मर्यादा. विंडोज १० चे सर्वसाधारण समर्थन १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. विंडोज ११ ला टीपीएम २.० हा सुरक्षा घटक आणि मान्य यादीतील प्रोसेसर लागतो; रॅम कितीही वाढवली तरी जुना प्रोसेसर त्या यादीत जात नाही. प्रोसेसर बदलावा तर बहुधा मदरबोर्ड बदलतो आणि त्यासोबत अनेकदा रॅमही. उरते ती पत्र्याची पेटी. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर यालाही अपग्रेडच म्हणतात. वरील व्याख्येनुसार ती नव्या संगणकाची खरेदी आहे, आणि तिचा हिशेब तसाच मांडावा.