मालमोटारीचा विमा : हप्त्यामागचा इतिहास

मालमोटारीच्या विम्याचा हप्ता कशावर ठरतो असे विचारले, तर वाहतूकदार गाडीचे वय, किंमत आणि वजन सांगतील. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीपुरते ते बरोबर आहे. परंतु जुन्या गाडीच्या हप्त्यात मोठा वाटा असतो तो तृतीय पक्षाच्या सक्तीच्या विम्याचा. आणि अपघातात सापडलेल्या परक्या माणसाच्या जिवाचे मोल कायदा काय धरतो, यावर त्याचा भार ठरत आला आहे.

मोटार वाहन कायदा 1939 चा. त्यातील सक्तीच्या विम्याचे प्रकरण मात्र 1 जुलै 1946 रोजी अंमलात आले. मालवाहू गाडीबाबत विमा कंपनीची कमाल जबाबदारी तेव्हा 20,000 रुपये होती. 1969 च्या दुरुस्तीने ती 50,000 आणि 1982 च्या दुरुस्तीने 1,50,000 झाली. न्यायाधिकरणाने याहून अधिक भरपाई मंजूर केली, तर वरची रक्कम गाडीमालकाकडून वसूल करावयाची. अशी येणी आजही जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होऊ शकतात. पण ज्याची एकुलती एक गाडी कर्जाची आहे, त्याच्याकडून काय हाती लागते, हे कोणत्याही तहसीलदारास विचारावे! जुना हप्ता स्वस्त होता, तो मृताच्या कुटुंबाच्या पदरची तूट धरून.

1988 च्या कायद्याने (अंमल 1 जुलै 1989 पासून) मृत्यू व दुखापतीसंबंधीची ही मर्यादा काढून टाकली. पुढे 1994 च्या दुरुस्तीने दावा करण्याची मुदत रद्द केली आणि दावेदारास आपल्या राहत्या ठिकाणी दावा दाखल करण्याची मुभा दिली. परप्रांतात अपघाती मरण आलेल्या मजुराच्या विधवेस याचे महत्त्व सांगावयास नको. विमा कंपनीपुढे मात्र रकमेचा आणि काळाचा, असा दुहेरी अनिश्चिततेचा प्रश्न उभा राहिला.

1 जानेवारी 2007 पासून स्वतःच्या नुकसानीच्या विम्याचे दर खुले झाले. तृतीय पक्षाचे दर नियामकाच्या हाती राहिले. परवडत नसलेला ट्रकचा धंदा कंपन्यांनी टाळू नये म्हणून 1 एप्रिल 2007 पासून सर्वांचा सामाईक निधी, म्हणजे 'पूल', स्थापन झाला. विमा एकाने उतरवावा, तोटा सर्वांनी वाटून घ्यावा, ही त्याची रचना. अशा व्यवस्थेत दाव्यांची कसून छाननी कोण करणार? मार्च 2012 अखेर तो गुंडाळण्यात आला.

1 जून 2022 पासून लागू केलेल्या दरांत भाड्याने माल वाहणाऱ्या 7,500 किलोपर्यंतच्या गाडीस 16,049 रुपये, तर 40,000 किलोंवरील गाडीस 44,242 रुपये मूळ हप्ता ठरला. आधार एकूण वजनाचा. चालकाच्या पूर्वइतिहासाला त्यात स्थान नाही, आणि दावा न केल्याची सवलतही स्वतःच्या नुकसानीच्या भागावरच मिळते. वर्षानुवर्षे अपघाताविना गाडी चालविणाऱ्या मालकाची याबद्दलची तक्रार मला रास्त वाटते. भरपाईच्या रकमा वाढल्याबद्दलची तक्रार तशी वाटत नाही.

2019 च्या दुरुस्तीने दाव्याची सहा महिन्यांची मुदत परत आणली. तिचा अंमल 1 एप्रिल 2022 रोजी सुरू झाला आणि तिला न्यायालयात आव्हानही दिले गेले.