ध्रुवपद : परतून येणारी ओळ

देवगाव रंगारी हे संत बहिणाबाईंचे जन्मगाव. इ. स. १६२८ मध्ये येथे जन्मलेली ही कन्या बालपणीच कुटुंबासमवेत गाव सोडून पुढे कोल्हापुरास पोहोचली. तेथे जयरामस्वामींच्या कीर्तनांत तुकोबांचे अभंग तिच्या कानी पडले आणि तिने त्यांना मनोमन गुरू मानले. हाती पोथी नसलेल्या श्रोत्यांच्या मनात अभंग कसा ठसत असेल? याचे एक उत्तर तुकोबांच्या छापील गाथेत दिसते. कडव्यांपुढे १, २, ३ असे आकडे असतात. एका कडव्यापुढे मात्र ‘ध्रु’ हे अक्षर. ध्रुव म्हणजे अढळ. गायक पुन:पुन्हा या ध्रुवपदाकडे परततो आणि टाळकरी ते उचलून धरतात.

पाश्चात्त्य अभिजात संगीतातही अशी एक बांधणी आहे. तिला ‘रोन्डो’ म्हणतात : मूळ सुरावट, मग वेगळी, पुन्हा मूळ, मग तिसरी, पुन्हा मूळ. बेथोव्हेनची १८१० मधील ‘फ्यूर एलीझे’ ही पियानोरचना अशीच आहे. मागे येणाऱ्या मोटारीच्या भोंग्यातून तिचे आरंभीचे सूर आपण कितीदा ऐकले असतील! पण भोंगा तेवढेच घोकतो. मूळ रचनेत ती सुरावट अस्वस्थ करणाऱ्या मधल्या भागानंतर परतते, तेव्हा सूर तेच असले तरी ऐकणारे आपण पूर्वीचे राहिलेले नसतो.

याहून कितीतरी प्राचीन उदाहरण पवित्र शास्त्रात आहे. १३६ व्या स्तोत्रातील सव्वीसही वचनांचा उत्तरार्ध एकच, देवाच्या चिरंतन दयेचा. आकाशाच्या निर्मितीनंतर त्यात विस्मय असतो. मिसर देशातील सुटकेनंतर कृतज्ञता.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६३ मधील उपासनाविषयक संविधानाने लोकभाषेला वाट मोकळी केली. त्यानंतरच्या सुधारित मिस्साविधीत प्रतिसाद-स्तोत्राची कडवी गायकाकडे, ध्रुवपद मात्र सर्व भाविकांकडे आले. तरीही वेळ वाचावा म्हणून आम्ही ते कित्येकदा नुसते वाचून घेतले आहे किंवा सारे गायकवृंदावर सोपवले आहे. त्यामुळे जी ओळ आजीबाईंना आणि अक्षरओळख नसलेल्यांनाही म्हणता आली असती, तीच आम्ही त्यांच्या ओठांवरून काढून घेतली.

येत्या रविवारी मिस्सापूर्वी पाच मिनिटे आधी यावे. ध्रुवपद आपण सर्व मिळून शिकू.